हेरपटातील झुंज आणि न कळलेली चोरी

आजचा थ्रेड हेरपटांविषयी आहे आणि तो लांबणार आहे. साठ वर्षांपूर्वीच्या दोन चित्रपटांतील रहस्ये यात उघड होतील, त्याबद्दल कोणी रुसू नये.

१९६३ साली प्रदर्शित झालेल्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' या जेम्स बॉन्डपटात एक झुंज आहे. ओरिएंट एक्स्प्रेसचा शयनकक्ष, रात्रीची वेळ, फुटलेला दिवा, निळसर अंधुक उजेड, आणि हात पसरायलाही जागा नसलेल्या त्या खोलीत शॉन कॉनरी आणि रॉबर्ट शॉ एकमेकांच्या जिवावर उठलेले. पार्श्वसंगीत नाही. गाडीचा खडखडाट, धापा आणि भिंतींवर आदळणारी शरीरे एवढेच ऐकू येते. हेरपटांतील हाणामारीची चर्चा निघाली की रसिक या दृश्याकडे परत येतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या यंत्रापायी ही झुंज होते, त्या यंत्राच्या चोरीची कथा तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. झुंज का टिकते आणि चोरी का टिकत नाही, या दोन्ही प्रश्नांची कसोटी मात्र एकच आहे: उद्या सकाळी कोणाला काय कळणार?

आधी झुंज पाहू. ग्रँट हा 'स्पेक्टर' या गुन्हेगारी संघटनेचा मारेकरी ब्रिटिश हेराचे सोंग घेऊन गाडीत चढतो. भोजनडब्यात तो माशाबरोबर तांबडी वाइन मागवतो. बॉन्डला ते खटकते, पण उमगत नाही. पुढे शयनकक्षात ग्रँट पिस्तूल रोखून उभा राहतो, तेव्हा त्या चुकीच्या वाइनचा अर्थ लागतो. तोवर उशीर झालेला असतो. बॉन्डला वाचवते ती त्याची कातडी पेटी. ती विशिष्ट रीतीने उघडली नाही तर आतून अश्रुधूर सुटतो, हे प्रेक्षकाला बऱ्याच आधी सांगून ठेवलेले आहे. पेटीत सोन्याची नाणी आहेत. ग्रँटला सोन्याचा मोह होतो, तो दुसरी पेटी स्वतःच्या हाताने उघडतो आणि डाव उलटतो. ग्रँटच्या घड्याळातून निघणारी गळा आवळण्याची तार आपण चित्रपटाच्या आरंभीच पाहिलेली असते. अखेरीस तीच त्याच्या गळ्याभोवती पडते. त्या डब्यात वापरले गेलेले प्रत्येक हत्यार कथेने आधीच तेथे आणून ठेवलेले आहे.

ग्रँट बॉन्डला तत्काळ गोळी का घालत नाही, हा आक्षेप जुना आहे. चित्रपटाने त्याचे उत्तर दिले आहे, अर्धेमुर्धे का होईना. बॉन्ड आणि त्याच्यासोबतची रशियन तरुणी तातियाना यांचे मृत्यू खून आणि आत्महत्या असे भासवायचे आहेत. त्यासाठी बनावट पत्रही तयार आहे. म्हणजे ग्रँटला नुसता माणूस मारायचा नाही, मागे एक गोष्ट सोडून जायची आहे. बाकीची बडबड खलनायकी हौसेपोटी आहे, हे मान्य. तरीही 'उद्या सकाळी' हा प्रश्न येथे विचारलेला आहे. सारे काही बंद दाराआड घडते, शेजारच्या डब्यातील प्रवाशाला पत्ता लागू नये हे दोघांच्याही हिताचे आहे. म्हणून ती झुंज हेरांची वाटते.

युद्धकाळात खऱ्या हेरांना मारामारी शिकवणाऱ्या माणसाचे नाव विल्यम फेअरबर्न. १९०७ साली तो शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीस दलात दाखल झाला. गस्तीवर असताना बेदम मार खाल्ल्यावर त्याने जुजुत्सूचे धडे घेतले आणि चिनी, जपानी व पाश्चात्त्य कुस्तीप्रकारांतून स्वतःची एक पद्धत बांधली. त्याच दलात शीख शिपायांची मोठी तुकडी होती. ३० मे १९२५ रोजी शांघायच्या नानजिंग मार्गावर जमलेल्या निदर्शकांवर ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हुकमावरून शीख आणि चिनी शिपायांनी गोळीबार केला आणि चीनभर संतापाचा वणवा पेटला. त्यानंतर दंगल आवरण्यासाठी जे खास पथक उभे राहिले, ते फेअरबर्नने घडवले. १९४० साली तो आणि त्याचा सहकारी एरिक साइक्स इंग्लंडला परतले आणि स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कमांडो व गुप्त मोहिमांवर जाणाऱ्यांना शिकवू लागले. दोघांच्या नावाने ओळखला जाणारा दुधारी खंजीर आजही संग्रहालयांतून पाहायला मिळतो. वसाहतीच्या रस्त्यावर माणसे आवरण्यासाठी जन्मलेली ही विद्या अशा रीतीने नाझींविरुद्धच्या गुप्त लढ्यात पोहोचली. तिच्या या जन्मकथेवर चित्रपट निघत नाहीत, हा वेगळा विषय.

त्या शिकवणीचे सार पडद्यावरील हाणामारीच्या नेमके उलट होते. झटापट लांबली तर आवाज होतो, आवाज झाला तर माणसे येतात आणि माणसे आली की मोहीम संपते. म्हणून पहिल्याच आघातात प्रतिस्पर्ध्याला निकामी करायचे आणि तेथून निघायचे. दोन मल्ल पाच मिनिटे ठोसे मारत राहतात, टेबले मोडतात, काचा फुटतात आणि मग नायक कोट झटकून बाहेर पडतो, ही कुस्तीच्या आखाड्याची रीत झाली. फेअरबर्नच्या शिष्याने असे केले असते तर तो वर्गातच नापास झाला असता.

मग पडद्यावर झटापट लांबवायचीच असेल, तर ती कोणत्या कारणाने लांबते? याचे मला सापडलेले सर्वोत्तम उत्तर आल्फ्रेड हिचकॉकच्या 'टॉर्न कर्टन' या १९६६ च्या चित्रपटात आहे. चित्रपट एरवी सामान्य आहे. पॉल न्यूमनने रंगवलेला अमेरिकी शास्त्रज्ञ पूर्व जर्मनीत फितुरीचे सोंग घेऊन आला आहे. शहराबाहेरच्या एका शेतघरात त्याच्यावर पाळत ठेवणारा ग्रोमेक हा सुरक्षा अधिकारी त्याचे बिंग ओळखतो. त्याला मारण्यावाचून गत्यंतर नाही आणि बाहेर टॅक्सीवाला उभा आहे. गोळी झाडली तर त्याला ऐकू जाईल. शास्त्रज्ञाला खून करण्याचा अनुभव नाही, शेतकऱ्याच्या बायकोलाही नाही. सुरीचे पाते मोडते. ती बाई फावडे घेऊन ग्रोमेकच्या पायांवर घाव घालते. अखेरीस दोघे मिळून त्याला फरपटत नेऊन त्याचे डोके गॅसच्या भट्टीत कोंबतात आणि कितीतरी वेळ त्याची बोटे हवेत हलत राहतात. येथेही संगीत नाही. माणसाला ठार मारणे किती अवघड, किती क्लेशकारक आणि किती वेळखाऊ असते, हे आपल्याला दाखवायचे होते, असे हिचकॉकने पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले. या दृश्याची सारी लांबी टॅक्सीवाल्याच्या कानांवर अवलंबून आहे. तो टॅक्सीवाला काढून टाका, एका गोळीत दृश्य संपते.

आता त्या यंत्राकडे वळू, कारण 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चा खरा घोटाळा तेथे आहे.

चित्रपटात 'लेक्टर' नावाचे रशियनांचे कूटसंदेश यंत्र आहे. इस्तंबूलमधील सोव्हिएत वकिलातीतील तातियाना ते मिळवून देऊ शकते, असे बॉन्डच्या वरिष्ठांना कळते आणि ते हरखून जातात. बॉन्ड काय करतो? वकिलातीत स्फोट घडवतो, धुरात यंत्र उचलतो, तरुणीला घेऊन भुयारातून पळतो आणि गाडी पकडतो. इस्तंबूलभर बोभाटा. आता विचारा: उद्या सकाळी मॉस्कोला काय कळणार? यंत्र गेले, कारकून गेली, दोन्ही एकाच दिवशी गेली. आपली कूटपद्धती उघडी पडली हे समजायला फारशा बुद्धीची गरज नाही. लेक्टर लंडनला पोहोचेपर्यंत त्याची बरीचशी किंमत उतरलेली असणार. मूळ कादंबरी १९५७ ची. तीत स्फोट नाही, तरुणी यंत्र घेऊन निमूटपणे गाडीत येते आणि ते यंत्रच रशियनांनी पेरलेले आमिष असते. कादंबरीचा तर्क अधिक पक्का आहे. चित्रपटाने स्फोट मिळवला आणि त्या बदल्यात कथेचा कणा दिला.

गंमत अशी की कादंबरीकार इयन फ्लेमिंगला हा प्रश्न इतर कोणाहीपेक्षा चांगला ठाऊक होता. युद्धकाळात तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात, प्रमुख ॲडमिरल जॉन गॉडफ्री यांचा स्वीय सहायक होता. सप्टेंबर १९४० मध्ये त्याने 'रूथलेस' नावाची एक योजना मांडली. हाती आलेले जर्मन बॉम्बफेकी विमान घ्यायचे, त्यात जर्मन गणवेशातील ब्रिटिश सैनिक बसवायचे आणि इंग्लिश खाडीत ते मुद्दाम पाण्यात उतरवायचे. जर्मन बचाव नौका जवळ आली की तिच्यावरील माणसांना मारायचे आणि नौका तिच्यावरील कूटपुस्तकांसह इंग्लंडला आणायची. हा शुद्ध चित्रपट आहे. पण त्या टिपणातील एक कलम पाहा. शत्रूच्या गणवेशात पकडले गेल्यास काय सांगायचे, याचीही तजवीज त्यात होती: काही उतावळ्या तरुणांनी गंमत म्हणून केलेला हा उद्योग आहे, एवढेच सांगायचे. कूटपुस्तकांचा उल्लेख निघताच कामा नये. योजनेला मान्यता मिळाली, तयारीही झाली. पण त्या भागात रात्री फिरणारी योग्य जर्मन नौकाच आढळेना, म्हणून ऑक्टोबरमध्ये ती स्थगित झाली. ब्लेचली पार्क येथे नौदलाच्या एनिग्मा संदेशांशी झगडणाऱ्या ॲलन ट्युरिंग आणि पीटर ट्विन यांची घोर निराशा झाली.

एनिग्माचे कोडे ज्या चोरीमुळे सुटू लागले, ती याच्या नऊ वर्षे आधी झाली होती आणि तिच्यावर कोणी हाणामारीचा चित्रपट काढू शकणार नाही. हान्स-थिलो श्मिट हा जर्मन सैन्याच्या कूटलेखन कार्यालयात नोकरीला होता. त्याला पैशाची निकड होती. नोव्हेंबर १९३१ मध्ये बेल्जियममधील वेर्व्हिए गावच्या एका हॉटेलात तो फ्रेंच हेरखात्याच्या माणसांना भेटला. त्याने कार्यालयातून आणलेले कागद, म्हणजे एनिग्मा कसे चालवावे आणि त्याच्या किल्ल्या कशा लावाव्यात याच्या सूचना, हॉटेलातच छायाचित्रित करण्यात आल्या. मूळ कागद घेऊन श्मिट बर्लिनला परतला आणि ते पुन्हा जागच्या जागी ठेवले.

सारी गोम त्या जागच्या जागी ठेवण्यात आहे. काहीही हरवले नाही, म्हणून कोणी काही शोधले नाही. फ्रेंचांना त्या छायाचित्रांतून फारसे साधले नाही. त्यांनी ती पोलिश मित्रांना दिली. वॉर्सामध्ये मारियान रेयेव्हस्की या तरुण गणितज्ञाने गणित आणि या कागदांच्या आधारे डिसेंबर १९३२ मध्ये सैनिकी एनिग्माच्या अंतर्गत तारांची रचना शोधून काढली. जर्मन सैन्याचे ते यंत्र हाताशी नसताना! यंत्र पळवून आणणारा नायक या कथेत कोठेच नाही. श्मिट पुढे पकडला गेला आणि १९४३ मध्ये कोठडीत मेला.

प्रत्यक्ष यंत्र आणि कूटपुस्तके समुद्रात हाती लागण्याचे प्रसंगही आले. ९ मे १९४१ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात 'बुलडॉग' या ब्रिटिश विनाशिकेने आणि तिच्या सोबतच्या नौकांनी यू-११० ही जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर यायला भाग पाडले. पाणबुडी बुडणार या समजुतीने जर्मन खलाशी तिच्यातून बाहेर पडले. वीस वर्षांचा अधिकारी डेव्हिड बाम आठ जणांसह तिच्यावर चढला. खाली शत्रू दबा धरून बसला असेल, या धास्तीने तो शिडी उतरला. आत एकही माणूस नव्हता. दिवे जळत होते. पुढचे काही तास त्या माणसांनी एकामागोमाग एक पुस्तके, नकाशे आणि खुद्द एनिग्मा यंत्र वर पोहोचवले. गोळी झाडण्याची वेळच आली नाही.

पण या घटनेतील हेरगिरीचा भाग मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. पाण्यातून वाचवलेल्या जर्मन कैद्यांना तातडीने डेकखाली नेण्यात आले, म्हणजे आपल्या पाणबुडीवर कोणी चढले हे त्यांना दिसू नये. ओढून नेताना यू-११० दुसऱ्या दिवशी बुडाली आणि तेही एका अर्थी बरेच झाले. बंदरात उभी राहिली असती तर बातमी फुटण्याचा धोका होता. ती पकडल्याचे १९५९ साली एका पुस्तकातून जाहीर झाले, आणि एनिग्मा फोडल्याची हकिगत इंग्लंडमध्ये १९७४ साली खुली झाली. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' पाहणाऱ्या १९६३ च्या प्रेक्षकाला लेक्टरच्या मागे कोणते खरे यंत्र उभे आहे, याची कल्पनाही नव्हती. फ्लेमिंग १९६४ मध्ये वारला. आपण काय सूचित करून गेलो, हे त्याला कधीच उघडपणे सांगता आले नाही.

हॉलिवूडने २००० साली 'यू-५७१' नावाचा चित्रपट काढला. त्यात एनिग्मा पळवतात अमेरिकी नौसैनिक, तेही जर्मन वेषात, पाणबुडीत शिरून आणि धडाधड गोळ्या झाडत. यू-११० पकडली गेली तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. ब्रिटिश संसदेत हा विषय निघाला, तेव्हा पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी हा त्या नाविकांचा अवमान आहे याला दुजोरा दिला. पटकथालेखकांपैकी डेव्हिड आयर यांनी काही वर्षांनी याबद्दल खेदही व्यक्त केला. सारा वाद राष्ट्रीयत्वाचा झाला. माझी तक्रार त्याहून लहान आहे: रिकाम्या पाणबुडीत चाचपडत उतरणारा वीस वर्षांचा मुलगा त्यांना पुरेसा नाट्यमय वाटला नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की चित्रपट तर्कहीन आणि इतिहास तर्कशुद्ध. तसे मुळीच नाही. आपण चित्रपटगृहात 'असे कोण करेल?' म्हणून हसतो, त्याहून मोठी भगदाडे इतिहासात आहेत. त्यांतले एक सांगतो.

जुलै १९४० मध्ये ब्रिटनने व्यापलेल्या युरोपात घातपात घडवण्यासाठी 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' ही गुप्त संघटना स्थापली. तिचा एक विभाग नेदरलँड्ससाठी होता. नोव्हेंबर १९४१ मध्ये हौब लाउवर्स हा बिनतारी चालक तेथे उतरला. संदेश पाठवताना दर सोळाव्या अक्षरात मुद्दाम चूक करायची, ही त्याची ओळखखूण होती. चूक दिसली नाही तर लंडनने समजायचे की तो शत्रूच्या हाती पडला आहे. ६ मार्च १९४२ रोजी हेग शहरात तो पकडला गेला. जर्मन लष्करी गुप्तवार्ता खात्याचा हर्मान गिस्केस याने त्याला लंडनशी संदेशवहन चालू ठेवायला सांगितले. लाउवर्सने होकार दिला, कारण त्याचा खुणेवर भरवसा होता. त्याने संदेश पाठवला. खूण गाळली. लंडन सावध होईल याची त्याला खात्री होती.

लंडनने उत्तर दिले की नवा माणूस पाठवतो, उतरवून घेण्याची व्यवस्था करा.

खूण गायब असल्याची नोंद झाली होती. ती बाजूला सारली गेली. मार्च अखेरीस जो माणूस हवाई छत्रीने उतरला, त्याला घ्यायला जर्मनच उभे होते. त्याच्याबरोबर आलेल्या माहितीवरून पुढचे सापळे रचले गेले, पकडलेल्यांची बिनतारी यंत्रे एकेक करून जर्मनांच्या हाती चालू लागली, आणि हा खेळ वीस महिने चालला. पन्नासहून अधिक माणसे अशी सरळ शत्रूच्या हातांत उतरली. लाउवर्सने मधल्या काळात संदेशांच्या निरर्थक अक्षरांत 'पकडलो' या अर्थाचा इंग्रजी शब्द दडवून पाहिला. तोही कोणी वाचला नाही.

संघटनेचा तरुण कूटतज्ज्ञ लिओ मार्क्स याला शंका आली ती एका विलक्षण कारणाने. जीव मुठीत धरून, थंडीत, अंधारात संदेश पाठवणारी माणसे चुका करतात. त्यांचे काही संदेश उलगडतच नाहीत. नेदरलँड्सहून येणारे संदेश मात्र नेहमी सुबक असत. एवढे निर्दोष काम मोकळा माणूस करूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे. वरिष्ठांना ते पटवायला त्याला फार काळ लागला. माझ्या मते हेरकथेतील सर्वांत उत्कंठावर्धक दृश्य हेच आहे: टेबलाशी बसलेला विशीतला एक मुलगा चुका शोधतो आहे आणि त्या सापडत नाहीत म्हणून घाबरतो आहे.

ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस पीटर डौर्लाइन आणि बेन उबिंक हे दोन कैदी हारेन येथील तुरुंगातून निसटले. मजल दरमजल करीत ते नोव्हेंबरात स्वित्झर्लंडला पोहोचले आणि तेथील डच वकिलातीत सारी हकिगत सांगितली. तेवढ्यात गिस्केसने आपल्या ताब्यातील बिनतारी यंत्रावरून लंडनला कळवले होते की हे दोघे जर्मनांना फितूर झाले आहेत. स्पेनमार्गे ते १९४४ च्या आरंभी इंग्लंडला पोहोचले, तेव्हा लंडनने त्यांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात टाकले. त्यांची सुटका होऊन काही महिने उलटत नाहीत तोच, सप्टेंबर १९४४ मध्ये, त्यांच्यामागे राहिलेल्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांना माउटहाउझेनच्या छळछावणीत ठार मारण्यात आले.